वासनी

गाडी दोनच माणसांची.
फायबरचं अंग, कापडी टप, गोव्यात बनलेली.
बनवणारा कारखाना केव्हाच बंद.
पॅटर्न शॉपमधून निवृत्त झालो त्याच महिन्यात घेतली,
फंडातले पैसे,
शालनला न विचारता.

ती एकदाच बसली.
पिरनवाडीच्या पुढं पदर नाकाला लावला,
घरी येऊन अंबाडा सोडला, दोनदा केस धुतले.
"रॉकेलच्या रांगेतनं आल्यागत वाटतंय," म्हणाली.
मग चार वर्षं शेजारची सीट
माझ्या डब्याची आणि छत्रीची.

मीही हुडकला तो वास.
इंजिनाकडच्या नळ्या बदलल्या, टाकीचं झाकण बदललं,
क्लिपा आवळल्या बोटं सोलेपर्यंत.
पण पाहुण्यांसमोर पोर गाणं म्हणत नाही,
तसा मेकॅनिकपुढं तो यायचाच नाही.

शेवटी उद्यमबागेत इराप्पा होसमनी.
काचा चढवून आत बसला, डोळे मिटले,
आणि हसला.
"मला काय कळत नाही, साहेब.
पंचवीस वर्षं स्प्रे पेंटिंग. नाक गेलंय.
वासनी बरतैती अंत नीव हेळबेकु."
वास येतोय, हे तुम्हीच सांगायचं.

मी त्या शब्दावरच अडकलो.
त्याच्याकडं वासनी म्हणजे नुसता वास.
आमच्याकडं जवळजवळ तोच शब्द
घरात मोठ्यानं उच्चारत नाहीत.
गाडीकडं बघितलं.
लाल. साठीच्या माणसाची.

इराप्पा विचारत होता:
केव्हा येतो? टाकी किती भरल्यावर? चढाला का उताराला?
पोट दुखतं ते जेवणाआधी की नंतर,
असं डॉक्टर विचारतो तसं.
मी आठवत गेलो. जाताना नाही. येताना.
गोव्यात स्वस्त म्हणून गळ्यापर्यंत भरायचं
आणि चोर्ल्याचा घाट चढायला लागलो की
"बास," तो म्हणाला. "मागं आहे. वर आहे.
आता एक नाक आणा."

नाक म्हणजे शालन.
शेजारच्यांचं दूध लागलेलं आमच्या हॉलमधून ओळखणारी.
रिक्षानं आली, रागात, भाजीची पिशवी घेऊन.
इराप्पानं गाडीचं तोंड रॅम्पवर चढवलं, घाटासारखं.
कानडी पेपराच्या पट्ट्या फाडल्या,
एकेका सांध्यावर एकेक फिरवून
तिच्या हातात देत गेला.
नाही.
नाही.
हे ग्रीस.
हा तुमच्या पोराचा तंबाखू.
पाचव्या पट्टीला तिनं पिशवी खाली ठेवली,
पदर खोचला,
आणि डिकीत कमरेपर्यंत वाकली.
गालिचा स्वतःच उचकटला.
मला दिसत होत्या फक्त तिच्या टाचा,
चपलेतून सुटलेल्या.
"इथं," आतून आवाज घुमला.
"हात घाल गा इराप्पा. इथं."

वीतभर नळी. भरायच्या तोंडापासून टाकीपर्यंत.
वरून धडधाकट,
खालच्या अंगाला भेगाळलेली.
अर्ध्या टाकीला कोरडी ठक्क.
भरल्या टाकीला, चढावर, घाम फुटावा तशी ओली.

नवी नळी तीनशे चाळीस.
मजुरी इराप्पा घेईना. "काम बाईंनी केलं."

परतताना ती शेजारी बसली,
छत्री पायाशी, पिशवी मांडीवर.
काच उघडीच ठेवली.
रेल्वे गेटला मालगाडी लागली, संपता संपेना.
मी दोन-तीनदा श्वास ओढून बघितला.
मेथी. आणखी काही नाही.
नळीचा जुना तुकडा माझ्या खिशात होता,
कागदात गुंडाळलेला. कशाला घेतला, माहीत नाही.
तिला तो आलाच असणार.
बोलली नाही.

पंपावर पोरगा आला. "एष्टु?"
पाचशे म्हणायला मी तोंड उघडलं,
तेवढ्यात ती माझ्यावरून वाकून
त्याला म्हणाली,
"फुल्ल माडप्पा."